जंतुशास्त्र आणि सेनानेतृत्व

महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचे वेळापत्रक डोळ्यांपुढे आणावे. पहाटे मैदानावर राष्ट्रीय छात्रसेनेची कवाईत. दहाच्या सुमारास प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचा तास. एकीकडे 'सावधान' आणि 'विश्राम' यांच्या आरोळ्या, दुसरीकडे काचपट्टीवरील थेंब आणि सूक्ष्मदर्शकाची नळी. छात्रसेनेचा कायदा १९४८ साली झाला. आणि २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेनेच्या शिक्षणाला ऐच्छिक विषय म्हणून पदवीच्या अभ्यासक्रमात जागा मोकळी करून दिली. म्हणजे जंतूंचा अभ्यास आणि लष्करी नेतृत्वाचे प्राथमिक धडे हे दोन्ही विषय आता एकाच गुणपत्रिकेवर येऊ शकतात. पालकांना ही जोडी विजोड वाटते. 'एक काहीतरी नीट कर' असा उपदेशही घरोघर होत असेल. तथापि इतिहासाची पाने उलटली, म्हणजे असे दिसते की हे दोन विषय जेथे परस्परांपासून तुटले तेथे हजारो माणसे हकनाक मेली, आणि जेथे ते एकत्र आले तेथे तितकीच माणसे वाचली. ती हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे.

युद्ध म्हटले की तलवार, तोफ आणि बंदूक आपल्या मनात उभी राहते. पण विसाव्या शतकापर्यंतच्या बहुतेक मोठ्या मोहिमांत शत्रूच्या शस्त्राने जितके सैनिक पडले त्यांहून अधिक छावणीतील रोगांनी पडले. १८५४ ते १८५६ या काळातील क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश फौजेचे सुमारे २१ हजार लोक गेले. त्यांपैकी सुमारे १६ हजार पटकी, हगवण, ताप अशा रोगांनी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे आकडे मांडून राज्यकर्त्यांना जाब विचारला. त्यांच्या खटपटीचे एक फळ असे, की १८६० साली लष्करी डॉक्टरांसाठी चॅटम येथे स्वतंत्र शाळा निघाली आणि १८६३ साली ती समुद्रकाठच्या नेटली येथील प्रचंड लष्करी रुग्णालयात गेली. हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत येणारे गोरे डॉक्टरही याच शाळेतून शिकून येत. पुढे सिकंदराबादेस हिवतापाचे कोडे सोडविणारे रोनाल्ड रॉस १८८१ साली येथूनच बाहेर पडले.

जंतुशास्त्र तेव्हा पाळण्यातच होते. जर्मनीत रॉबर्ट कॉक यांनी जंतू वेगळा काढून वाढविण्याची रीत बसविली, आणि त्यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत हाताखाली काम करावयास आले ते गाफ्की आणि लोफ्लर हे दोघे लष्करी डॉक्टरच होते. १८८४ साली गाफ्कींनी विषमज्वराचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. त्याच वर्षी लोफ्लर यांनी घटसर्पाच्या जंतूचे काम पुरे केले. घटसर्पावरील रक्तद्रव्य शोधून १९०१ साली पहिले नोबेल पारितोषिक मिळविणारे बेहरिंग हेही लष्कराच्याच खर्चाने डॉक्टर झालेले. यात नवल काही नाही. एका जागी दाटीने राहणारी, एकाच विहिरीचे पाणी पिणारी, एकाच चरात शौचास जाणारी हजारो तरुण माणसे म्हणजे जंतूंना मोकळे रानच होते. त्यामुळे ज्याला या शास्त्राची सर्वांत अधिक गरज, त्यानेच ते आधी हाती घेतले.

नेटलीच्या शाळेत १८९२ साली अल्मरोथ राइट हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. विषमज्वराचे जंतू वाढवावयाचे, उष्णतेने ते मारावयाचे आणि मेलेले जंतू सुईने माणसाच्या कातडीखाली सोडावयाचे, म्हणजे शरीर त्या रोगाशी लढावयास आधीच शिकून राहते, ही त्यांची लस १८९६ नंतर तयार झाली. पटकीवर अशीच लस हाफकिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९२ साली पॅरिसमध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, आणि पुढील वर्षापासून हिंदुस्थानात येऊन ती हजारो लोकांना टोचली होती. तेव्हा शास्त्र तयार होते, लस तयार होती, शिकलेले डॉक्टरही तयार होते. मग पुढे काय घडले, ते आता पाहू. त्यासाठी प्रथम आपल्याच मुलखात येऊ.

१८९६ साली मुंबईस प्लेग आला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे येर्सिन यांनी शोधला होता. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्याच मदतीवर, त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी सर्वांआधी स्वतःस टोचून घेतली. नेमावयाची त्यापेक्षा मोठी मात्रा घेतली, ताप सोसला, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. हाफकिन हे काही सेनापती नव्हते. पण जे दुसऱ्याला करावयास सांगावयाचे ते प्रथम आपण करावे, हा नेतृत्वाचा पहिला धडा त्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. प्लेग समितीचे प्रमुख म्हणून रँड नेमले गेले आणि मार्चच्या मध्यापासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. रोगी शोधून काढावयाचा, त्याला रुग्णालयात न्यावयाचे, घरच्यांना वेगळे ठेवावयाचे, सामान जाळावयाचे किंवा धुवावयाचे, भिंतींना चुना फासावयाचा, असा तो कार्यक्रम होता. स्वयंपाकघर, देवघर, बायकांची माजघरे यांत बुटांसह शिपाई शिरत. वाईट हे, की ज्या उंदरावरच्या पिसवेपासून प्लेग पसरतो त्या पिसवेचा कोणाला पत्ताच नव्हता. सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीस ती गोष्ट दाखवून दिली ती १८९८ साली, म्हणजे पुढच्या वर्षी. आणि त्यावर शिक्कामोर्तब व्हावयास १९०५ नंतरचे मुंबईतील संशोधन यावे लागले. म्हणजे पुण्यातील मोहिमेपाशी हुकूम भरपूर होता, शिस्त होती, पैसाही होता. ज्ञान अपुरे होते, आणि लोकांचा विश्वास तर मुळीच नव्हता. लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या वाटेवर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पुढचा इतिहास आपण सारे जाणतो.

याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्यापाशी ना सत्ता होती, ना जंतुशास्त्राची पदवी. पण ज्यांच्या दारात त्या गेल्या त्यांनी आपला रोगी त्यांच्यापासून लपविला नाही. ज्ञान, अधिकार आणि विश्वास या तीन गोष्टी त्या वर्षी तीन निरनिराळ्या ठिकाणी होत्या. एका हातात त्या कोठेच आल्या नाहीत. पुण्याने त्याची किंमत मोजली.

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. १८९९ साली बोअर लोकांशी इंग्रजांचे युद्ध जुंपले, तेव्हा राइट यांची लस हाताशी होती. पण ती सैनिकांच्या खुषीवर सोपविण्यात आली. टोचल्यावर दंड सुजे, ताप येई, एक दिवस पडून राहावे लागे. जहाजावर बसलेल्या तरुणाला हा त्रास नको वाटणे स्वाभाविक होते, आणि 'घे बाबा, मीही घेतली आहे' असे सांगावयास त्याचा अधिकारी पुढे येत नसे. लाखो सैनिक गेले. त्यांतील थोड्यांनीच लस घेतली.

फेब्रुवारी १९०० मध्ये पार्डबर्ग येथे लढाई झाली. बोअरांची मेलेली जनावरे मॉडर नदीतून वाहत येत होती आणि तहानलेले सैनिक तेच पाणी पीत होते. पाणी उकळून प्यावे असे डॉक्टर सांगत. पण उकळावयास जळण नव्हते, वेळ नव्हता, आणि तसा हुकूम देऊन तो पाळवून घेणारा अधिकारीही क्वचित होता. १३ मार्चला लॉर्ड रॉबर्ट्स यांची फौज ब्लूमफाँटेन शहरात शिरली. ३१ मार्चला बोअर सेनानी डी वेट यांनी सान्नाज पोस्ट येथे छापा घातला आणि शहराला पाणी पुरविणारे केंद्र आपल्या ताब्यात घेतले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते इंग्रजांच्या हाती परत आले नाही. तोवर फौज शहरातील जुन्या, घाण विहिरींवर जगली. विषमज्वराची जी साथ उसळली तिने रुग्णालये भरून वाहू लागली. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे डॉक्टर कॉनन डॉयल तेव्हा तेथील एका रुग्णालयात काम करीत होते. लस सक्तीची केली नाही ही मोठीच चूक झाली, असे त्यांनी पुढे स्पष्ट लिहिले.

त्या युद्धात ब्रिटिश फौजेत विषमज्वराचे ५७ हजारांहून अधिक रोगी झाले आणि ८ हजारांहून अधिक मेले. नुसत्या या एका रोगाने, गोळीने रणांगणावर मेलेल्यांहून अधिक माणसे नेली. डी वेट यांनी घेतलेले ते पाण्याचे केंद्र राखणे हे सेनापतीचे काम होते, डॉक्टरांचे नव्हते. विहिरीवर पहारा बसविणे, शौचाचे चर पाण्यापासून दूर खणविणे, जळणाची गाडी सैन्याबरोबर ठेवणे हीही सेनापतीचीच कामे. पण 'आरोग्य हे डॉक्टरांचे खाते' असे म्हणून अधिकारी मोकळे होत. आणि डॉक्टर सल्ला देऊ शकत, हुकूम देऊ शकत नसत. पुण्यात हुकूम होता, त्याच्यामागे पुरेसे ज्ञान नव्हते. ब्लूमफाँटेनला ज्ञान होते, त्याच्यामागे हुकूम नव्हता.

हा धडा इंग्रज शिकले, पण सावकाश. राइट हे विद्वान खरे, पण लोकांना बरोबर घेऊन चालण्याचा त्यांचा पिंड नव्हता. लष्करी वरिष्ठांशी त्यांचे खटके उडाले आणि १९०२ साली त्यांनी नेटली सोडली. त्यांच्या जागी आलेले विल्यम लीशमन हे स्वतः सैनिकी डॉक्टर. त्यांनी लस सुधारली, आणि हिंदुस्थानात येणाऱ्या पलटणींत टोचलेले किती व न टोचलेले किती आजारी पडतात याची वर्षानुवर्षे काटेकोर नोंद ठेविली. वाद आकड्यांनी मिटला. १९०६च्या सुमारास लष्करी स्वच्छतेची स्वतंत्र शाळा ऑल्डरशॉट येथे निघाली, आणि छावणीची स्वच्छता हा लढणाऱ्या अधिकाऱ्याच्याही शिक्षणाचा भाग झाला. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हाही ब्रिटिश फौजेत कायद्याने लस सक्तीची नव्हती. पण या वेळी अधिकारी स्वतः रांगेत उभे राहिले, सैनिकांना समजावीत राहिले, आणि बहुसंख्यांनी लस घेतली. चार वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या कितीतरी पट मोठी फौज चिखलाच्या खंदकांत राहिली. तरी विषमज्वर व त्याच्या भावंडांचे रोगी सुमारे २० हजार झाले आणि मृत्यू सुमारे १,२०० झाले. आठ हजार आणि बाराशे यांमधले अंतर केवळ काचनळीतील लशीने भरून निघाले नाही. ती दंडापर्यंत पोहोचविणारी माणसे तयार झाली होती.

या कथेचा सर्वांत शिकण्यासारखा अध्याय ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर घडला. रोनाल्ड रॉस यांनी १८८८-८९ मध्ये रजेवर असताना लंडनला जाऊन जंतुशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस एका डासाच्या पोटात त्यांना हिवतापाचे परोपजीवी सापडले. डास हा हिवतापाचा वाहक, हे ज्ञान त्या दिवसापासून जगाच्या हाती येऊ लागले. पण त्यानंतर ४६ वर्षांनी, १९४३ साली, जनरल स्लिम यांनी चौदाव्या सेनेची सूत्रे घेतली तेव्हा काय आढळले? त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे, की त्या वर्षी जखमी होऊन मागे न्यावा लागलेल्या दर एका सैनिकामागे आजारी म्हणून न्यावे लागलेले १२० असत. आणि एकट्या हिवतापाचे प्रमाण वर्षाला सैन्यसंख्येच्या शेकडा ८४ इतके होते.

औषध नव्हते असे नाही. मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या होत्या. रोज एक घेतली की ताप अंगावर येत नसे. पण गोळी कडू, कातडी पिवळी पडे, आणि तिने पौरुष जाते अशी कंडी छावण्यांत पसरली होती. सैनिक गोळी जिभेखाली धरीत आणि पाठ फिरताच थुंकून टाकीत. स्लिम यांनी डॉक्टरांवर दोष ढकलला नाही. त्यांनी ठरविले, की हिवताप रोखणे ही तुकडीच्या नायकाची जबाबदारी. अचानक तपासण्या होऊ लागल्या; प्रत्येक सैनिकाच्या शरीरात औषध आहे की नाही हे रासायनिक परीक्षेने पाहिले जाई; आणि शेकडा ९५ पेक्षा कमी जणांत ते आढळले, तर सैनिकांना नव्हे, त्यांच्या नायकाला पदावरून काढले जाई. तिघांना काढावे लागले. तेवढ्याने इतर सर्वांना अर्थ कळला. सूर्यास्तापूर्वी बाह्या खाली, गोळी अधिकाऱ्याच्या देखत, आणि आजाऱ्याला शेकडो मैल मागे न पाठविता आघाडीजवळच्या उपचार केंद्रात तीन आठवड्यांत बरे करावयाचे, अशी घडी बसली. १९४५ पर्यंत रोजच्या आजाऱ्यांचे प्रमाण हजारी एकावर आले.

त्या सेनेत बहुसंख्य सैनिक हिंदी होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाकच्या टेकडीवर जपान्यांचा लोंढा थोपवून धरणाऱ्या छत्रीधारी ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. त्या पलटणींचे मूळ केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, बेळगावकडची मुले तेथून आसामच्या जंगलात गेली. त्यांच्यापैकी जी धडधाकट परत आली, त्यांतील कितीतरी जणांचे प्राण रॉस यांच्या सूक्ष्मदर्शकाने आणि एखाद्या सुभेदाराच्या कडक नजरेने मिळून वाचविले असतील. त्या दोघांपैकी एकाचेच नाव पुस्तकात आहे. दुसराही तितकाच आवश्यक होता.

स्वतंत्र भारताने या दोन विद्यांची गाठ जाणूनबुजून बांधली आहे. १९४८ साली पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, आणि १९६२ पासून तेथे पदवीपूर्व विद्यार्थी घेतले जाऊ लागले. ज्या पुण्यात १८९७ साली ज्ञान आणि अधिकार यांची फारकत झाली होती, त्याच पुण्यात आज मुलेमुली एमबीबीएसच्या अभ्यासात सूक्ष्मजीवशास्त्र शिकतात आणि त्याबरोबर गणवेशाची शिस्तही अंगी बाणवितात. पदवीनंतर लखनौच्या केंद्रात त्यांना सैनिकी अधिकाऱ्याचे प्राथमिक शिक्षण मिळते: नकाशा कसा वाचावा, छावणी कोठे ठोकावी, हाताखालच्या माणसांशी कसे बोलावे. दुसऱ्या बाजूने पाहावे तर महूची पायदळ शाळा आहे, आणि बेळगावात तिचा कनिष्ठ नेतृत्वाचे शिक्षण देणारा विभाग आहे. तेथे जो तरुण लढावयास शिकतो, त्यालाही सैनिकांचे पाणी, अन्न आणि पाय यांची काळजी घेणे हे आपलेच काम आहे, असे मानावे लागते.

येथे कोणी विचारील, की सैन्यात न जाणाऱ्या विद्यार्थ्याला याचा उपयोग काय? २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा त्याचे उत्तर आपण सर्वांनी पाहिले. विषाणू कोणता हे शास्त्रज्ञांनी काही आठवड्यांतच सांगितले. वर्ष सरते न सरते तोच लसही आली. तरीही गावोगाव प्रश्न उरला तो जुनाच: लोकांना पटविणार कोण? सरकारी पत्रकाने जे झाले नाही ते कित्येक गावांत एखाद्या आशाताईने, शिक्षकाने किंवा सरपंचाने करून दाखविले, कारण त्यांनी प्रथम स्वतः दंड पुढे केला. जेथे नुसता धाक दाखविला गेला तेथे लोक १८९७ प्रमाणेच आजार लपवू लागले.

म्हणून पहाटे कवाईत करून दहा वाजता प्रयोगशाळेत जाणाऱ्या त्या विद्यार्थ्याला कोणी हटकू नये. प्रयोगशाळेत त्याने एवढे शिकावे, की डोळ्यांना न दिसणारी वस्तूही खरी असते आणि आपला समज पुराव्यापुढे बदलावा लागतो. मैदानावर त्याने एवढे शिकावे, की हुकूम देण्याआधी तो स्वतः पाळावयाचा असतो आणि हाताखालच्या माणसाचे आरोग्य ही आपली जबाबदारी असते. उद्या तो सैन्यात जाईल, दवाखान्यात जाईल, की एखाद्या नगरपालिकेच्या पाणीखात्यात बसेल, हे आज कोणास ठाऊक? पण विहिरीचे पाणी दूषित झाल्याचे त्याला काचपट्टीवर दिसले, तर त्याचा कागद करून तो फाइलीत ठेवणार नाही. तो उठेल, विहिरीवर जाईल, रहाटाला कुलूप घालील, आणि दुसरे पाणी येईपर्यंत लोकांना समजावीत तेथेच उभा राहील.